शिवणीतली माया

साडी कधी कोणाला ‘मोठी’ होत नाही. नेसणारी बारीक असेल तर चार निऱ्या जास्त पडतात, अंगानं भरलेली असेल तर चार कमी. धोतराचंही तेच. बाराबंदी तर चक्क शिवलेली असायची, पण तिला बटणं नसत, बंद असत. अंग सुटलं की बंद सैल बांधायचे, उतरलं की ओढून घ्यायचे. कपडा एकच, माप रोजचं वेगळं.

कपडा ढगळ होऊ शकतो, ही अडचण खऱ्या अर्थानं पसरली ती तयार कपड्यांमुळे. अंग समोर नसतानाच कपडा शिवून ठेवायचा तर अंगांचे गट पाडावे लागतात. अमेरिकेच्या कृषी खात्यानं त्यासाठी १९३९-४० मध्ये सुमारे १५ हजार स्त्रियांची मापं घेतली, एकेकीची पन्नासहून अधिक. १९४१ साली ती आकडेवारी छापून आली. एवढी मापं घेऊनही सगळ्यांना बसेल असा कपडा काही निघाला नाही, कारण अंग सगळीकडून सारखं वाढत नाही. शर्टाचा नंबर ३८ वरून ४० झाला की छातीचा घेर दोन इंचांनी वाढतो, खांदा मात्र साधारण अर्धा-पाऊण इंचच वाढतो. हे प्रमाण लक्षात ठेवा, या प्रकरणात पुढे त्याच्याशी आपली गाठ पडणार आहे.

दुकानात माप बसलं नाही तर आपण ‘चव्वेचाळीस नको, अडतीस दाखवा’ म्हणतो. जुन्या कपड्यांच्या ढिगात ही सोय नाही. पुण्यात बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात हाताला लागलेला सुती शर्ट एकुलता एक असतो. मुंबईच्या फॅशन स्ट्रीटवर एक्स्पोर्टचा माल म्हणून मिळणारा शर्ट परदेशी अंगासाठी बेतलेला असतो. वडिलांच्या कपाटातला, आतेभावानं दिलेला, भाड्याची खोली सोडताना मैत्रिणीनं मागे ठेवलेला, असे कितीतरी कपडे आपल्याकडे येतात. कापड उत्तम, रंग मनाजोगता, आणि आत आपल्यासारखी दोन माणसं मावतील एवढी जागा.

जुना कपडा घ्यायचाच तर मोठा घ्यावा, लहान घेऊ नये. मोठा लहान करता येतो. लहान मोठा करायचा तर आत कापड शिल्लक असावं लागतं. शिवणीच्या आत राहिलेल्या या जादा कापडाला शिंपी ‘माया’ म्हणतात. ‘दोन्ही बाजूंना इंच-इंच माया ठेवली आहे’ हे वाक्य ब्लाउज शिवून घेणाऱ्या प्रत्येकीनं ऐकलेलं असतं. या सगळ्या प्रकरणाचं सार सांगायचं तर एवढंच: मोठा कपडा लहान करताना कापू नका, माया वाढवा.

ब्लाउजचा धडा

घरात एखादा शिवून घेतलेला ब्लाउज असेल तर तो उलटा करून बघा. काखेपासून कमरेपर्यंत बाजूच्या शिवणीला एक नाही, दोन-तीन टिपा शेजारीशेजारी दिसतील. सगळ्यात आतली टीप आजच्या अंगासाठी, बाहेरच्या टिपा पुढच्या वर्षांसाठी. घट्ट व्हायला लागला की आतली टीप उसवायची, ब्लाउज अर्ध्या इंचानं सैल होतो. शिंप्याकडे जावं लागत नाही, कापड लागत नाही, दहा मिनिटं आणि एक ब्लेड पुरतं. लहान मुलांचे कपडे ‘वाढत्या अंगाचे’ शिवण्यामागेही हाच विचार. फ्रॉकच्या खालच्या काठाला चार बोटं दुमड असे आणि पोर उंच होईल तशी ती सुटत जाई.

कारखान्यातल्या शर्टाची गोष्ट वेगळी. तिथे हजारो नग एकदम कापले जातात, प्रत्येक नगामागे अर्धा इंच कापड वाचलं तर तो नफा असतो. म्हणून त्याच्या शिवणीत जेमतेम अर्धा इंच कापड उरतं, तेही इंटरलॉकच्या धाग्यात आवळलेलं. अशा शर्टात माया नसतेच. पण तो आपल्याला मोठा होत असेल तर ती माया आपण निर्माण करू शकतो.

मी हे उशिरा शिकलो. पहिला मोठा शर्ट घरी लहान केला तेव्हा टीप मारून झाल्या झाल्या, अजून इस्त्रीही केली नव्हती, बाजूंचं जास्तीचं कापड मोठ्या समाधानानं कापून टाकलं. शर्ट आरशात छान दिसला. मग माळ्यावरचा डबा काढायला हात वर केला आणि काखेत ‘टर्र’ झालं. शिवण उसवून सैल करावी तर आत कापडच नव्हतं. कापलेल्या पट्ट्या त्या आठवड्यात पंखा पुसायला उपयोगी पडल्या, तेवढीच वसुली.

घेण्याआधी, उसवण्याआधी

जुना कपडा हातात आला की आधी उजेडासमोर धरा. कॉलरची घडी, काखा, कोपर, पँटचं बसायचं ठिकाण, इथे कापड विरलेलं असलं तर उजेड आरपार दिसतो. दोन्ही हातांच्या चिमटीत धरून हलकेच ताणा. विरलेल्या कापडावर नवी टीप मारली तर टीप टिकते आणि तिच्या शेजारचं कापड फाटतं. लुगडं मधोमध विरलं की विरलेला भाग काढून दोन बाजू जोडत, म्हणजेच ‘दंड घालत’, ते याचसाठी. शिवण नेहमी दमदार कापडात पडली पाहिजे.

मग कपडा धुवा, कडक उन्हात वाळवा आणि इस्त्री करा. स्वच्छतेसाठी हे हवंच, पण मापासाठीही हवं. नवं सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं. भरपूर वापरलेल्या कपड्याचा मोठा फायदा हा की जे आटायचं ते आधीच्या मालकाकडे आटून झालेलं असतं. एक्स्पोर्टचा न वापरलेला माल मात्र कोरा असू शकतो. तो न धुता बेतला तर पहिल्या धुण्यात फसवतो.

आता कपडा बदलण्याजोगा आहे का, हे ठरवायचं. निकष एकच: खांदा. घेर, लांबी, बाही यांना घरच्या सुईनं आटोक्यात आणता येतं. खांदा म्हणजे कॉलर, योक, बाही आणि पाठ या सगळ्यांची गाठ. ती उसवली की शर्ट जवळजवळ नव्यानं शिवावा लागतो. म्हणून शर्ट अंगावर घालून बाहीची शिवण कुठे पडते ते पाहा. खांद्याच्या हाडापासून इंचभर खाली असेल तर काळजी नको. दीड इंचापर्यंत उतरली असेल तर थोडी युक्ती लागेल. तीन इंच खाली लोंबत असेल तर त्या कपड्याचा शर्ट करण्याचा हट्ट सोडा. समोरून उघडा जाकीटासारखा घाला, नाहीतर उशीचे अभ्रे शिवा.

मोजायचं कसं

एक नेहमीचं उदाहरण घेऊ. शर्ट ४४ नंबरचा, घालणाऱ्याची छाती ३६ इंच. शर्टाची बटणं लावून तो टेबलावर किंवा फरशीवर सपाट पसरा. सुरकुत्या हातानं काढा, ताणू मात्र नका. एका काखेच्या टोकापासून दुसऱ्या काखेच्या टोकापर्यंत टेप धरा. २४ इंच भरले म्हणजे पूर्ण घेर ४८.

छाती ३६ म्हणून शर्ट ३६ चा करायचा नसतो. श्वास घ्यायला, हात पुढे करायला, बसायला जागा लागते. साध्या शर्टाला अंगापेक्षा पाच-सहा इंच जास्त घेर हवा. म्हणजे आपल्याला हवेत ४२, कमी करायचेत ६.

नवशिक्याची गफलत होते ती इथेच. सहा इंच कमी करायचे म्हणून तो दोन्ही बाजूंना तीन-तीन इंच आत खूण करतो आणि शर्ट अंगाला आवळून बसतो. पसरलेल्या शर्टाच्या प्रत्येक बाजूला दोन पदर असतात, पुढचा आणि पाठीचा. बाजू दोन, पदर चार. बाजूच्या शिवणीपासून एक इंच आत टीप मारली की चारही पदरांतून एकेक इंच जातो आणि घेर चार इंचांनी कमी होतो. तेव्हा सहाला चारनं भागायचं. खूण करायची दीड इंच आत, तीन इंच नाही. एवढं पाठ करून ठेवा: बाजूला अर्धा इंच, घेरात दोन इंच.

आकडेमोडीचा कंटाळा असेल तर आणखी सोपा मार्ग आहे. तुमच्या अंगाला चोख बसणारा शर्ट या मोठ्या शर्टावर पसरा, कॉलर कॉलरवर आणि मधली बटणपट्टी बटणपट्टीवर आणून. मग त्याच्या कडेकडेनं खडू फिरवा, पण कडेच्या अर्धा इंच बाहेरून. मोठ्या शर्टाचं कापड जाड असलं आणि त्याला पातळ कापडाएवढंच माप दिलं तर तो आखडतो.

तिसरी रीत टाचण्यांची. शर्ट उलटा घालायचा आणि कोणाकडून तरी बाजूंना टाचण्या लावून घ्यायच्या. मात्र उलट्या शर्टात डावं-उजवं बदलतं. बहुतेकांचा एक खांदा दुसऱ्यापेक्षा थोडा खाली असतो, त्यामुळे दोन्ही बाजूंच्या टाचण्या शेवटी टेपनं मोजून सारख्या करून घ्याव्यात.

सुई पुरते

मशीन असलं तर काम लवकर होतं, नसलं तर अडत नाही. अमेरिकेत एलियस हाउला शिवणयंत्राचं पेटंट मिळालं १८४६ मध्ये, आयझॅक सिंगरला १८५१ मध्ये. त्याआधीच्या शतकांतले दरबारी अंगरखे, फौजेचे डगले, परकर-पोलकी, सगळं हातच्या टाक्यांवर उभं होतं. यंत्रांवर टीका करणाऱ्या गांधीजींनीही १९२४ साली सिंगरच्या शिवणयंत्राला अपवाद मानलं होतं, यावरून हातशिलाईत किती वेळ जायचा याची कल्पना येते. पण दोन बाजूंची शिवण घालणं म्हणजे काही अख्खा अंगरखा शिवणं नव्हे. दुपारचा चहा ते संध्याकाळचा स्वयंपाक एवढ्या वेळात ती हातानं होते.

टाके तीन आले तरी बहुतेक काम भागतं. पहिला धावदोरा. सुई वर-खाली करत सरळ जाणारा लांब टाका, फक्त तात्पुरतं जोडण्यासाठी. याला कच्चा दोरा म्हणतात आणि तो वेगळ्या रंगाचा घालतात, म्हणजे नंतर काढताना दिसतो. दुसरा उलटी टीप किंवा बखिया. सुई पुढे काढायची, अर्धं पाऊल मागे टोचायची, पुन्हा पुढे काढायची. वरून ही टीप मशीनसारखी दिसते आणि ताणलं तरी सुटत नाही. बाजूच्या शिवणी याच टाक्यानं घालायच्या. तिसरी हातशिलाई, दुमडलेल्या काठासाठी. सुईत कापडाचे एक-दोन धागेच घ्यायचे, म्हणजे सुलट बाजूला टाका दिसत नाही.

दोरा हातभरच घ्या. लांब दोऱ्यानं वेळ वाचेल असं वाटतं, पण गाठी सोडवण्यात दुप्पट वेळ जातो. रंग तंतोतंत मिळाला नाही तर कापडापेक्षा किंचित गडद घ्यावा. फिकट दोरा उठून दिसतो, गडद दबून जातो. मशीनवर साध्या सुती कापडाला १४ नंबरची सुई चालते, जीन्सला १६ ची लागते. एका इंचात दहा-बारा टाके बसतील एवढी टीप ठेवा. आणि उसवायला कात्री वापरू नका. सीम रिपर किंवा ब्लेडनं एका बाजूचा दर चौथा-पाचवा टाका तोडायचा, मग दुसऱ्या बाजूचा दोरा ओढला की सरळ निघून येतो. कापडाला इजा नाही, सुईची भोकं सुती कापडात एका धुण्यात मिटतात. रेशमावर आणि रेक्झिनवर मात्र भोकं कायमची राहतात, तिथे टीप घालण्याआधी दोनदा विचार करावा.

शर्ट: एका रेषेत बाही आणि बाजू

शर्ट उलटा करा. काखेच्या शिवणीपासून दीड इंच आत खडूची खूण करा. तिथून खाली घेरापर्यंत आणि वर बाहीच्या मनगटाकडे, अशी एकच सलग रेषा काढायची आहे. फक्त बाजू दाबली आणि बाही तशीच सोडली तर काखेत कापडाचा बोळा होतो. बाही मनगटाकडे आधीच निमुळती असते, म्हणून रेषा काखेपाशी दीड इंच आत, कोपरापाशी इंचभर, आणि कफच्या थोडं आधी जुन्या शिवणीत मिसळलेली अशी आणावी. घालणाऱ्याला पोट असतंच, त्यामुळे खालच्या बाजूला कमरेवर फार आत शिरू नका. बसल्यावर खालची बटणं ताणतात.

काख हे या रेषेचं वळण. इथे काटकोन करू नका, गोलाई द्या. काटकोनात सगळा ताण एका टाक्यावर येतो; माझा शर्ट तिथेच गेला होता. गोलाईत तो पाच-सहा टाक्यांत वाटला जातो. या वळणावर टीप दोनदा घालावी.

आधी कच्चा दोरा घाला, मग शर्ट अंगावर चढवा. हात वर करा, पुढे मिठी मारल्यासारखे करा, खुर्चीवर बसा, वाकून बुटाची नाडी बांधायचा आव आणा. कुठे आखडत असेल तर तेवढाच कच्चा दोरा काढून रेषा पाव इंच बाहेर सरकवा. हे सगळं पार पडलं की पक्की टीप.

आता आत दोन्ही बाजूंना दीड-दीड इंचाची माया उभी आहे. ती पाठीकडे दुमडून इस्त्री करा आणि वरच्या व खालच्या टोकाला चार सैल टाके घालून अडकवून टाका. बाहेरून काही कळत नाही. फक्त काखेच्या वळणावर ही माया अडते. गोल भागावर सरळ कापड बसत नाही, चुरगळतं. तेवढ्या दोन-तीन इंचांत ती अर्ध्या इंचावर कापून टाकावी आणि कडेला टिपेपर्यंत न पोचणाऱ्या बारीक चिरा द्याव्यात. सगळ्या शर्टात कात्री लागते ती एवढीच. कापलेली कड सुटू नये म्हणून तिला काजटाका, म्हणजे काज करताना घालतात तो टाका, घाला. मोठी कड असेल तर पिको-फॉलच्या दुकानात इंटरलॉक करून मिळतं.

उरला खांदा. आपल्या ४४ च्या शर्टाची खांद्याची शिवण साधारण सव्वा इंच खाली उतरलेली असेल. छातीत आठ इंचांचा फरक असून खांद्यात एवढाच, कारण सुरुवातीला पाहिलेलं ते प्रमाण. दोन्ही खांद्यांवर, बाहीच्या शिवणीपासून दोन इंच आत, पुढून पाठीकडे जाणारी अर्ध्या इंचाची उभी चुणी घ्या. चुणीतही पदर दोन, म्हणून अर्ध्या इंचाच्या चुणीनं खांदा एक इंच वर येतो. चुणी छातीवर चार-पाच इंच खाली येऊन मोकळी सुटली की ती मुद्दाम घातलेल्या नक्षीसारखी दिसते. गंमत अशी की खांदा वर आला की बाहीही तेवढीच वर सरकते. बाही लांब झाल्याची अर्धी तक्रार मुळात खांदा उतरल्याची असते. उरलेल्या लांबीसाठी कफच्या वर आतून एक आडवी चुणी, नाहीतर कोपराच्या वर कापून हाफ बाही. कापलीच तर तो तुकडा टाकू नका. त्याच कापडाचं ठिगळ पुढे कधीतरी लागतं, आणि तसं कापड बाजारात शोधून मिळत नाही.

खालचा काठ शेवटी. शर्टाचा घेर गोलाईचा असतो, त्याची दुमड बारीक हवी, पाव-पाव इंचाची दुहेरी. गोलाईवर रुंद दुमड घातली तर बाहेरची कड आतल्या जागेपेक्षा लांब असल्यानं ती सुरकुतते. सरळ घेराच्या कुर्त्याला मात्र खुशाल दोन इंचांची दुमड घाला. तीही मायाच.

कुर्त्याच्या बाजू दाबताना आणखी एक पथ्य आहे. बाजूचा कट जिथे सुरू होतो, तिथे नवी टीप जुन्या टिपेत हळूहळू मिसळली पाहिजे. एकदम सोडली तर कट पसरतो आणि कुर्ता कमरेवर फुगतो. सगळ्यात आळशी, आणि माझ्या मते सगळ्यात देखणा उपाय बाराबंदीकडून घ्यावा. कुर्त्याच्या दोन्ही बाजूंना कमरेच्या उंचीवर एकेक बंद शिवा आणि ते पाठीमागे बांधा. चार टाक्यांचं काम, माप रोज हवं तसं.

पँटच्या दोन जाती

शिंप्यानं शिवलेली किंवा चांगल्या प्रतीची फॉर्मल पँट उलटी करून पाठीची मधली शिवण पाहा. कमरपट्टा तिथे दोन तुकड्यांत जोडलेला असतो आणि शिवणीत इंच-दीड इंच कापड राखलेलं असतं. पुरुषांचं पोट वर्षावर्षानं वाढतं हे धरूनच ही पँट बेतलेली असते. तिची कंबर कमी करायची तर ती मधली शिवण कमरपट्ट्यापासून बैठकीपर्यंत उसवायची, हवी तेवढी आत घेऊन पुन्हा टीप मारायची. इथे पदर दोनच, म्हणून अर्धा इंच आत म्हणजे कंबर एक इंच कमी. दोन इंचांच्या पुढे जाऊ नये. मागचे दोन खिसे एकमेकांना भेटायला येतात.

जीन्सचा कमरपट्टा सलग असतो, आणि पाठीची शिवण दुहेरी टिपेची, जाड. ती उसवणं घरच्या सुईला जड जातं. तिथे पायजम्याची अक्कल वापरावी. कमरपट्ट्याच्या आतल्या पदराला, दोन्ही बाजूंच्या शिवणींजवळ, एकेक बारीक चीर द्या. सेफ्टी पिनला रुंद इलॅस्टिक अडकवून नाडीसारखं पाठीमागून ओवून काढा. पाठीचा पट्टा १६ इंच असेल तर इलॅस्टिक १३ इंचांचं पुरतं. दोन्ही टोकं पक्की शिवून टाका. बाहेरून पाठीला थोड्या चुण्या दिसतात, त्या शर्टाखाली झाकल्या जातात.

जीन्सच्या लांबीची एक छान युक्ती आहे. खालचा मूळ काठ रंग उडालेला, वापरून मऊ झालेला असतो आणि सगळी शान त्याच्यात असते. तो कापला की जीन्स अनोळखी दिसते. तेव्हा काठ तसाच ठेवायचा. दोन इंच कमी करायचे असतील तर पाय बाहेरच्या बाजूला असा दुमडा, की काठाच्या वरच्या टिपेपासून घडीपर्यंत एक इंच अंतर राहील. मग काठाच्या टिपेला अगदी चिकटून चौफेर बखिया घाला आणि घडी आत ढकलून इस्त्री करा. नवी शिवण काठाच्या सावलीत लपते. जीन्स हातानं शिवताना जाड सुई आणि बोटाला अंगुस्तान हवंच, नाहीतर दुसऱ्या दिवशी भाकरी थापता येणार नाही.

टी-शर्टसारख्या होजिअरीच्या कपड्यांची जात निराळी. ते कापड विणलेल्या फासांचं असतं, ताणलं की ताणतं. साधी सरळ टीप मात्र ताणत नाही, त्यामुळे डोक्यातून घालताना ती पटकन तुटते. मशीनवर झिगझॅग टीप घाला, हातानं करायचं तर बखियाच, पण दोरा सैल ओढून. या कापडाची कड सहसा उसवत नाही, त्यामुळे काजटाक्याची मेहनत वाचते.

आणि प्रत्येक शिवणीनंतर इस्त्री. सगळं झाल्यावर एकदा केली की संपलं, असं नाही. इस्त्री न फिरवलेली उत्तम शिवणही घरगुती दिसते, आणि दाबून बसवलेली साधारण शिवण शिंप्याची वाटते.

आधीच्या मालकाची टीप

ब्रिटनमध्ये दुसऱ्या महायुद्धात, १ जून १९४१ पासून, कपड्यांवर रेशन आलं आणि ते १९४९ पर्यंत चाललं. पहिल्या वर्षी माणशी ६६ कुपनं मिळत. १९४३ साली तिथल्या सरकारनं जुने कपडे कसे दुरुस्त करावेत, मोठे कसे लहान करावेत याची पुस्तिकाच काढली. त्यांना ती टंचाईमुळे काढावी लागली. आपल्याकडे भांडी देऊन जुने कपडे नेणाऱ्या बोहारणीला हे पुस्तिकेविना ठाऊक होतं. दारात बसून ती शर्ट उलटा करून बघायची, कापड उजेडाला धरायची, शिवणीतून बोट फिरवायची, आणि मग पातेलं पुढे करायचं की नुसती ताटली, ते ठरवायची. तिला कपड्याचं पुढचं गिऱ्हाईक दिसत असे.

मागच्या वर्षी जुन्या बाजारात मी एक राखाडी पँट घेतली. कंबर बसत होती, पण जराशी घट्ट. घरी येऊन उलटी केली तर पाठीच्या शिवणीत टिपांच्या तीन रांगा. सगळ्यात बाहेरची मशीनची, मूळ शिंप्याची. तिच्या आत दुसरी, तीही मशीनची, वेगळ्या दोऱ्याची. आणि सगळ्यात आत हातची बखिया, थोडी वाकडीतिकडी, निळ्या दोऱ्यानं घातलेली. बहुधा राखाडी दोरा घरात नसावा. माझ्या आधी निदान दोघांनी ती पँट आपल्या अंगाला लावून घेतली होती आणि कोणीही आतलं कापड कापलं नव्हतं. मी निळा दोरा उसवला आणि पँट अर्ध्या-पाऊण इंचानं सुटून नेमकी बसली.

उसवलेला निळा दोरा कचऱ्यात टाकला. कापडाला मात्र हात लावला नाही.